रोगाआधीची फवारणी: आगरातल्या मिरीचा एक पावसाळा

ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या आगरातल्या मिरीच्या 31 वेली गेल्या. सोमवारी पानं जरा मलूल दिसली म्हणावं, तर पुढच्या आठवड्यात पेरांपाशी सुटून फांद्या खाली पडलेल्या. बुंध्याची साल नखाने खरवडली की आत काळं, बुळबुळीत आणि कुजका वास. गावात याला नुसतं ‘मर लागली’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी नवीन कलम लावतात. मीही तेच केलं असतं, पण उरलेल्या 140 वेलींचं काय, हा प्रश्न होता. त्यांतल्या बऱ्याच सासऱ्यांनी लावलेल्या.

आगर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. नारळ, पोफळी, चार जायफळं आणि पोफळींवर चढवलेली मिरी, बहुतेक पन्नियूर-1 जातीची. मी चिपळूणला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं गावी आलो. लेबल वाचल्याशिवाय बाटली हातात न धरण्याची सवय तेवढी सोबत आली, आणि पुढे बागेच्या माहितीपेक्षा तीच जास्त कामाला आली.

पहिल्यांदा बाजारातल्या एका दुकानात गेले. त्यांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक दिलं, ते ठीकच. वर एक सोनेरी झाकणाची बाटली ठेवली. “ताई, हे झाडाची प्रतिकारशक्ती वाढवतं. लसच समजा.” किंमत 1,150 रुपये. लेबलवर हिरवं पान, सूर्य आणि एक बैल. आत नेमकं काय आहे ते कुठेच नाही. बाटली परत ठेवली, पण प्रतिकारशक्तीचं वाक्य डोक्यात राहिलं. असं काही खरंच असतं का, की हे च्यवनप्राशाचं शेतीखातं?

दापोली

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नमुने घेऊन दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात गेले. आमच्याकडून चिपळूणमार्गे जायचं म्हणजे दिवस जातो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की काम सोपं होतं. पावसाळ्यात निघण्याआधी बोट चालू आहे का ते फोन करून विचारावं.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचा फेरा फुकट जातो. पूर्ण मेलेली वेल नेऊ नका. मेलेल्या मुळांवर नंतर आलेल्या दहा बुरशा वाढलेल्या असतात आणि खरा गुन्हेगार त्यांत सापडत नाही. एका बाजूने मलूल आणि दुसऱ्या बाजूने हिरवी अशी वेल निवडायची. तिची बारीक मुळं, मुळाभोवतीची ओंजळभर माती, बुंध्याचा तुकडा ज्यात काळा आणि निरोगी भाग जिथे भेटतात ती रेघ आहे, आणि डाग पडलेली चार-पाच पानं. पानं कोरड्या वर्तमानपत्रात. मुळं आणि माती पिशवीत, पण पिशवीचं तोंड घट्ट न बांधता, आणि गाडीच्या काचेतल्या उन्हात न ठेवता. प्रत्येक पिशवीवर तारीख, झाडाचं वय आणि आधी काय फवारलं ते पेन्सिलने. बॉलपेनची शाई ओलीने पसरते.

वनस्पती रोगशास्त्र विभागात एका सरांनी आधी पानं उजेडात धरली. डागाच्या कडेला झालर असल्यासारखे बारीक तंतू दिसत होते. ते म्हणाले, “बहुतेक फायटोफ्थोरा. पण मुळं बघू, सूत्रकृमी असला तर उपाय वेगळा.” सूत्रकृमी म्हणजे मुळांतले सूक्ष्म जंत. त्यांनी वेल हळूहळू, दोन-तीन वर्षांत पिवळी पडत खंगते. फायटोफ्थोरा पावसाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांत संपवतो. तो खऱ्या अर्थाने बुरशीही नाही, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा जीव आहे. म्हणून पावसाचे थेंब जमिनीवर आपटून उडाले की आधी लागण होते ती जमिनीवर लोळणाऱ्या कोंबांना. तिथून तो बुंध्याकडे जातो. पोफळीची फळं पावसाळ्यात गळतात तो कोळेरोगही याच कुळातला. म्हणजे आमच्या आगरात वर आणि खाली दोन्हीकडे पाहुणे एकाच घरचे.

नंतर फोनवर निदान पक्कं झालं. फायटोफ्थोराच. सूत्रकृमी होते, पण दुर्लक्ष करण्याइतके.

सरांनी काय सांगितलं

त्या दिवशी गर्दी नव्हती आणि मी औषधाच्या दुकानातली म्हटल्यावर सर खुलले. झाडाला आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या पेशी नाहीत, पण धोक्याची सूचना अंगभर पोचवायची सोय आहे. 1961 मध्ये ए. फ्रँक रॉस या शास्त्रज्ञाने तंबाखूवर दाखवलं की एका पानाला विषाणूने डाग पाडले की काही दिवसांनी दुसरी, न दुखावलेली पानंही सावध होतात आणि पुढचा हल्ला बराच सौम्य जातो. 1979 मध्ये इंग्लंडातल्या रॉथमस्टेड केंद्रात आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क ॲस्पिरिन टोचलं, आणि विषाणूचे डाग कमी उठले. आयुष्यभर ज्या गोळीच्या पट्ट्या कापून विकल्या, तिचं हे दुसरं आयुष्य मला ठाऊकच नव्हतं! पुढे 1990 च्या सुमारास कळलं की लागण झाली की झाड स्वतःच सॅलिसिलिक आम्ल वाढवतं आणि तिथून बचावाची यंत्रणा जागी होते. मग त्याची नक्कल करणारी रसायनं निघाली. अ‍ॅसिबेन्झोलार-एस-मिथाइल हे त्यातलं नाव घेण्यासारखं. जपानात भाताच्या करप्यावर प्रोबेनॅझोल नावाचं रसायन 1970 च्या दशकापासून वापरात आहे.

या रसायनांपैकी काही रोगजंतूला थेट हातही लावत नाहीत. झाडाला जागं करतात, बस्स. त्यातून सगळ्या अटी निघतात. जागं व्हायला झाडाला काही दिवस लागतात, म्हणून लागण व्हायच्या आधी द्यायचं. रोग दिसल्यावर दिलं तर पैसे मातीत. परिणाम काही आठवड्यांनी ओसरतो. आणि बचावावर खर्च झालेली ताकद वाढीतून वजा होते, म्हणून दर आठवड्याला फवारत बसलं तर झाड खुरटतं. दुकानदाराची ‘लस’ मला म्हणूनच पटत नाही. लस एका विशिष्ट जंतूची ओळख शरीराला करून देते आणि ती ओळख टिकते. इथे झाडाला फक्त सावध राहा एवढंच सांगितलं जातं, आणि तेही थोडे दिवस.

मिरीसाठी त्यांनी सुचवलं ते पोटॅशिअम फॉस्फोनेट. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या शिफारशीत ते आहे: 0.3 टक्के, म्हणजे लिटरला 3 मिली, फवारणी आणि वेलीच्या बुंध्याशी 5 ते 10 लिटर आळवणी, म्हणजे द्रावण मातीत ओतणं. याचं वैशिष्ट्य असं की ते दोन बाजूंनी काम करतं. प्रमाण जास्त असेल तिथे फायटोफ्थोराची वाढ थेट रोखतं, कमी असेल तिथे झाडाचा स्वतःचा बचाव तीव्र करतं. पानातून मुळाकडे आणि मुळातून शेंड्याकडे, दोन्हीकडे वाहतं. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशांना दाबणारी उपयोगी बुरशी, तिला ते मारत नाही, त्यामुळे दोन्ही वापरता येतात. तांब्याच्या औषधांचं तसं नाही.

एक गैरसमज मात्र लगेच काढून टाका. फॉस्फोनेट म्हणजे स्फुरदाचं खत नव्हे. नावात फॉस्फरस असला तरी झाड त्याचा अन्न म्हणून उपयोग करू शकत नाही. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत ते दिलं तर झाड उलट अडचणीत येऊ शकतं. म्हणून आधी माती तपासून घ्या. मी ऑक्टोबरात दिली, अहवाल डिसेंबरात हातात आला, स्फुरद मध्यम निघालं.

हे सगळं ऐकून आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका भाच्याने लगेच सुचवलं, “मामी, लिटरला एक डिस्प्रिन टाक, स्वस्तात काम.” नको रे बाबा. किती मात्रेने काय होतं हे प्रत्येक पिकात वेगळं असतं. जास्त झालं तर पानं करपतात. शिवाय सॅलिसिलिकची वाट जागी केली की किडींविरुद्धची दुसरी वाट मंद पडू शकते. प्रयोगशाळेतलं तंबाखूचं पान आणि आपलं आगर यात फरक आहे.

शिमगा, सातबारा आणि पंप

हिवाळ्यात काम होतं ते मातीचं. मेलेल्या वेली मुळांसकट खणून जाळल्या. पोफळींच्या ओळींमधले चर मोकळे केले, कारण पाणी साचतं तिथूनच सुरुवात होते. मार्चमध्ये जमिनीवर लोळणारे कोंब कापले आणि बुंध्यापासून दोन फुटांपर्यंतची खालची पानं काढली. मजुरी त्या वेळी आमच्याकडे 600 रुपये आणि चहा-भाकरी. एकूण 7,200 गेले. पुढच्या कुठल्याही एका औषधापेक्षा हा खर्च मोठा, आणि माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला.

वेली पंधरा-सोळा फुटांपर्यंत गेलेल्या. पाठीवरच्या पंपाचा फवारा तिथे पोचत नाही, म्हणून दाबाचा पंप अनुदानातून घ्यायचं ठरवलं. हा भाग लांबला.

आमचा सातबारा सामाईक आहे. त्यावर 14 नावं. त्यातली तीन माणसं हयात नाहीत, बाकीची डोंबिवली, विरार आणि एक बडोद्याला. अर्जासाठी आमच्याकडे इतर खातेदारांचं संमतीपत्र मागितलं. पोस्टाने कागद फिरवण्यापेक्षा मी शिमग्याची वाट पाहिली. 2025 मध्ये होळी 13 मार्चला होती. पालखी घरी येणार म्हणजे सगळे येणारच. पालखी नाचवून दमलेले दीर ओट्यावर टेकले की एका हातात सरबत आणि दुसऱ्या हातात कागद. सही झाल्याशिवाय पुरणपोळी नाही. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, पंपाच्या नावाखाली जमीन तर नाही ना लिहून घेत?” सगळे हसले, पण कागद त्यांनी दोनदा वाचला. वाचावाच. तुम्हीही असा कागद करताना त्यात ‘फक्त अमुक योजनेच्या अर्जासाठी’ हे शब्द घाला. भांडणं वाचतात. मयत खातेदारांची वारस नोंद झालेली नसेल तर ती आधी तलाठ्याकडे सुरू करा, तिला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मध्येच 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तो काढायला आधार, सातबारा आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. माझं आधार चिपळूणच्या जुन्या नंबरला जोडलेलं. आधी तो बदलला, मग ओळख क्रमांक, मग अर्ज. एप्रिल संपला. आणि हे लक्षात ठेवा: पूर्वसंमती हातात येण्याआधी पंप विकत घेतलात तर अनुदान मिळत नाही. दुकानदार “घेऊन जा, कागद मागाहून करू” म्हणतील. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नंतरचीच हवी. आमची पूर्वसंमती जुलैत आली. तोवर शेजारच्या वाडीतून पंप भाड्याने, दिवसाला 500, पेट्रोल आपलं.

बाटली कोणत्या कायद्याची

मेच्या पहिल्या आठवड्यात फॉस्फोनेट घ्यायला गेले तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांनी फळी भरलेली. समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, कायटोसान, सिलिकॉन, आणि काही नुसतीच ‘पॉवर’. जुनी सवय म्हणून मी एकेक उलटून वाचत बसले. दुकानदार वैतागला.

वाचताना शोधायचं ते असं. रोग किंवा कीड मारण्याचा दावा असेल तर ते 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं. त्यावर केंद्रीय नोंदणी क्रमांक आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हवा, आणि कोणत्या पिकावर कोणत्या रोगासाठी ते छापलेलं हवं. जैवउत्तेजक, म्हणजे बायोस्टिम्युलंट, म्हणून विकत असतील तर ते खत नियंत्रण आदेश 1985 मध्ये येतं. त्यात ही वर्गवारी 23 फेब्रुवारी 2021 च्या दुरुस्तीने आली. त्या व्याख्येतून कीटकनाशकं वगळलेली आहेत. म्हणजे बायोस्टिम्युलंटच्या बाटलीवर ‘मर रोगावर रामबाण’ असं कोणी लिहिलं असेल तर तिथेच ती खाली ठेवावी. बायोस्टिम्युलंटच्या तात्पुरत्या नोंदण्यांची मुदत 16 जून 2025 ला संपली. त्या महिन्यात मी परत गेले तेव्हा फळी अर्धी रिकामी होती आणि उरलेल्या काही बाटल्या आतल्या खोलीतून ‘फक्त तुम्हाला म्हणून’ निघत होत्या, निम्म्या किमतीत. आणखी एक प्रकार म्हणजे लिंकिंग. युरियाची गोणी हवी तर सोबत हे टॉनिक घ्या. नाही म्हणता येतं. मी पक्कं बिल मागितलं तेव्हा आग्रह थांबला.

फॉस्फोनेट 720 रुपये लिटर पडलं. एका खेपेच्या आळवणीला आणि फवारणीला मिळून तीन लिटर. बिलावर बॅच नंबर लिहून घेतला.

शेजारच्या काकूंना मी हे सगळं कौतुकाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “आमी तर तुसाची राख टाकतोच की रोपात.” आणि त्या बरोबर होत्या. भाताच्या तुसाच्या काळ्या राखेत सिलिका असते, ती भाताच्या पानात बसते आणि करप्याला रोप कमी बळी पडतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतलं पहिलं सूत्र हेच. मात्र राख काळी हवी. पांढरी होईस्तोवर जाळली तर त्यातली सिलिका रोपाला मिळेनाशी होते. हा प्रतिकारशक्तीचा उपाय 0 रुपयांचा. मिरीला तसा चालतो का ते मी विचारलं नाही, कारण तेवढ्यात पाऊस आला.

25 मे

ठरलं होतं असं: 26 आणि 27 मेला फॉस्फोनेट, झाडाला जागं व्हायला आठ-दहा दिवस, आणि 7 जूनच्या आसपास मृग लागेपर्यंत सगळं तयार. पण 20 मेपासूनच सरी सुरू झाल्या. 24 ला समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी केरळात मोसमी पाऊस पोचला, आणि 25 मेला तो दक्षिण कोकणात होता. मी खिडकीत बसून चरातलं पाणी लाल होताना बघत होते. रोगाआधी द्यायचं औषध कपाटात, आणि रोगाचा मोसम दारात.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की नुसतं बचाव जागा करणारं रसायन असतं तर आता उशीर झाला असता. फॉस्फोनेट फायटोफ्थोराला थेटही रोखतं, म्हणून अजून अर्थ आहे. आधी आगर फिरून डागाळलेली पानं काढा, ती बाहेर नेऊन जाळा, आणि पहिली उघडीप मिळेल ती साधा.

ती मिळाली. मेअखेर पाऊस थांबला आणि जूनच्या मध्यापर्यंत फारसा नव्हताच. 1 आणि 2 जूनला काम केलं. 200 लिटरच्या पिंपात 600 मिली. सकाळी दव सुकल्यावर सुरुवात, पानाच्या खालच्या बाजूला आधी. आळवणी बुंध्याला टेकवून न करता वीतभर अंतरावर गोल, वेलीला पाच लिटर. माती ओली पण चिखल नसलेली, वाफशावर असताना. विहिरीवरून पाणी वाहायलाच दोन माणसं लागली. मास्क, हातमोजे आणि गॉगल सगळ्यांना दिले. गॉगल दुपारपर्यंत टिकला नाही, घामाने धुरकटतो.

ट्रायकोडर्मा 10 जूनला शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळून, वेलीला 50 ग्रॅम.

आता अडचण वरच्या मजल्याची. पोफळीच्या शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घोसांवर, कोळेरोगासाठी बोर्डो (तांब्याच्या मोरचुदाचं आणि चुन्याचं मिश्रण) मारायचाच होता, आणि तो खाली मिरीवर ठिबकणार. फॉस्फोनेट आणि तांबं जवळजवळ आलं तर तांबं जास्त मोकळं होऊन पानं करपू शकतात. विशेषतः आधी तांबं आणि मग फॉस्फोनेट, हा क्रम धोक्याचा. म्हणून बोर्डो 13 आणि 14 जूनला, सुमारे दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. 100 लिटरला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचा, लोखंडात कधीच नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि घासलेली सुरी मिनिटभर बुडवून बघायची. सुरीवर तांबूस थर आला तर चुना वाढवा. झाडावर चढणारा गडी 14 ला दुपारी आभाळाकडे बघून म्हणाला, “वैनी, झाड वला झाला की पाय ऱ्हात नाय. उरलेला उद्या.” ‘उद्या’ म्हणजे 15 जून, आणि त्या दिवशी जो पाऊस सुरू झाला तो तुम्हाला आठवत असेल. उरलेल्या बारा पोफळी तशाच राहिल्या. कोणाच्याही जिवापेक्षा सुपारी मोठी नाही, आणि माझं मत असं की ओल्या पोफळीवर चढायला लावणाऱ्या मालकाला फवारणीचा हक्कच नसावा.

जुलैअखेर दुसरी खेप. बोर्डोचे निळे ठिपके मिरीच्या पानांवर अजून होते, म्हणून फॉस्फोनेटची फवारणी टाळून फक्त आळवणी केली. मुळातूनही ते वर चढतं, त्यामुळे चालतं. त्यानंतर पोफळींवर बोर्डो ऑगस्टच्या उघडिपीत, गणपतीच्या आधी. तोवर नवा पंप आला होता. सप्टेंबरनंतर काहीही नाही.

किती वाचलं

एक ओळ, 20 वेलींची, मी मुद्दाम फॉस्फोनेटशिवाय ठेवली होती. साफसफाई, चर, ट्रायकोडर्मा, वरून ठिबकणारं बोर्डो हे तिला सगळ्यांसारखंच. त्या ओळीतल्या 4 वेली गेल्या. बाकीच्या 120 पैकी 5. वर्षभरापूर्वी 31. हे आकडे मी वहीत लिहिले आहेत तसे देते. त्यावरून फॉस्फोनेटने एवढं वाचवलं असं मी म्हणणार नाही. दोन पावसाळे सारखे नसतात, सगळ्यात कमकुवत वेली आधीच गेलेल्या, आणि चर मोकळे केल्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. पण पुन्हा वापरणार का विचाराल तर हो.

आणि एक गोष्ट व्यवहाराची. आमच्याकडून दरवर्षी मिरी घेणारं एक पर्यटकांचं निवास आहे, ते पुड्यावर ‘सेंद्रिय’ लिहितात. जानेवारीत वाळलेली मिरी द्यायच्या आधी मी त्यांना सांगितलं की यंदा फॉस्फोनेट वापरलं आहे. बहुवर्षायू झाडात ते बरेच महिने राहतं आणि तपासणीत फॉस्फोनिक आम्ल म्हणून दिसतं. युरोपात सेंद्रिय मालात यावरूनच वाद होतात. त्यांनी किलोमागे 80 रुपये कमी दिले आणि पुड्यावरचा शब्द काढला. तुमचं सेंद्रिय प्रमाणपत्र असेल किंवा घ्यायचं असेल, तर पहिली बाटली उघडण्याआधी प्रमाणन संस्थेला लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

खर्चाचा हिशेब: साफसफाई 7,200, फॉस्फोनेट दोन खेपांचं मिळून 3,600, ट्रायकोडर्मा आणि पेंड 2,900, मोरचूद-चुना 2,400, चढणाऱ्या गड्याची आणि बाकी मजुरी 11,000, पंपाचं भाडं आणि पेट्रोल 1,900. पंपाचं अनुदान नोव्हेंबरात खात्यावर आलं. त्याआधी पंपासोबत आणि बिलासोबत माझा फोटो काढून अपलोड करावा लागला, आगरात उभं राहून, कारण फोटोवर ठिकाण उमटायला हवं. तिथे रेंज येत नाही. फोटो आधी काढून मग रस्त्यावर येऊन पाठवला, तो चालला.

यंदा पहिली खेप 10 मेच्या आत. कोंब फेब्रुवारीतच कापून झालेत, फॉस्फोनेट आणून ठेवलं आहे, आणि त्या 20 वेलींच्या ओळीऐवजी या वेळी खालच्या अंगाची ओळ कोरी ठेवणार आहे. गड्यालाही मेच्या पहिल्या पंधरवड्याचे दोन दिवस आत्ताच सांगून ठेवले आहेत. आंब्याच्या मोसमात तो मिळणं कठीण, म्हणून 500 रुपये आगाऊ दिले.